प्राणी

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला पाटी दिली,
पोरांची असते तशी, लिहा आणि पुसा.
पहिल्या दिवशी लिहिलं: चहा.
दुसऱ्या दिवशी: चहा नको.
घरी आलो, तर वाचायला माणूसच नव्हतं.

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
अंगठा अजून हुशार आहे.
शास्त्राचा कागद नोटेपेक्षा पातळ,
तरी दोन पानं एकदम उलटली तर त्याला कळतं,
मधलं एखादं दुःख राहून गेलं म्हणून.

मंडळीत मी खालच्या पट्टीत गायचो.
करुणा म्हणायची,
तुमचा आवाज म्हणजे लोखंडी कपाट सरकवल्यासारखा,
पण देवालाही कपाटं लागत असतील.
तिला जाऊन सात डिसेंबर झाले.

शरणपुरात रात्री असा गारठा पडतो
की गळ्याच्या छिद्राशी श्वाससुद्धा बिचकतो.
जाळीचा रुमाल बांधून स्तोत्रं उघडतो.
सांत्वनाची नाही, ती पाठ आहेत.
तक्रारीची.
त्यातला एकजण म्हणतो, मी धाब्यावरचं एकटं पाखरू झालोय,
हाडं चुलीत घातल्यासारखी जळतात,
भाकरीच्या जागी राख खातो.
नाव नाही त्याला. वर नुसतं एवढंच,
की गांजलेल्या माणसाची प्रार्थना.
मी ओळीवर बोट ठेवलं, पाटी ओढली, लिहिलं:
मीपण.
त्या रात्री खोलीत आम्ही दोघं होतो.

रविवारी गेलो. दाराजवळच्या बाकावर बसलो,
मध्येच सुटता यावं म्हणून.
स्तवन सुरू झालं. पेटी, तबला,
आणि उजागरेमास्तरांची कुणालाच न झेपणारी पट्टी.
सवयीनं तोंड उघडलं.
ओठ हलले, आणि खालून गळ्यातून नुसतं सुस्स,
कुकर गार होताना होतं तसं.
पुढचे दोघे वळून बघायला लागले, आणि बघायचं नाही म्हणून पुन्हा वळले.

शेजारी शिरसाठांची नात अदिना, वय सात,
माझ्या मांडीवरच्या शास्त्रात डोकं घालून
बोटानं शेवटच्या स्तोत्राची शेवटची ओळ लावत होती.
'प्रा-णी. आजोबा, प्राणी म्हणजे गाय?'
पाटी घरी राहिलेली.
मी रुमाल जरा बाजूला केला,
तिचा तळहात धरून गळ्यासमोर नेला.
तिला वारा लागला.
घाबरली नाही. म्हणाली, 'गरम आहे.'

साठ वर्षं ती ओळ वाचली
आणि दर वेळी मला गोठाच दिसला.
ज्याच्यात प्राण तो प्राणी, इतकं साधं.
स्तुती कर म्हणताना त्यानं आवाज मागितलाच नव्हता.
मग मी उरलेली दोन कडवी
सुस्स करतच म्हटली. तालात. मास्तरांपेक्षा तालात.

घरी येताना कॅनडा कॉर्नरला जुना सोबती भेटला,
काहीतरी विचारलं त्यानं,
मी हात हलवला, तो निघून गेला.
पाटीवर शुक्रवारचं 'मीपण' तसंच होतं.
फडकं घेतलं, मग ठेवून दिलं.
चहा टाकला. एकच कप.
करुणा असती तर आतून ओरडली असती,
कोण सरकवतंय हो ते कपाट?