खरवडल्यावर चमकलं तर

पाइक हार्बरमध्ये जमीन सात फूट गोठते,
म्हणून पाण्याचे पाइप आठ फुटांवर.
मे ते ऑक्टोबर खणता येतं,
उरलेले महिने अर्ज लिहायचे.

मी पूर्वी मीटर वाचायचे.
आता नगरपालिकेनं मला एक लोहचुंबक दिलंय,
एक टॉर्च, आणि अठराशे सहा घरांची यादी.
रकाना सातमध्ये बहुतेकांपुढे ‘अज्ञात’.
तळघरात उतरायचं,
भिंतीतून पाइप आत येतो तिथे किल्लीनं खरवडायचं.
तांबूस निघालं तर तांबं.
चुंबक चिकटलं तर लोखंड.
चिकटलं नाही, आणि खरवडल्यावर चमकलं
नव्या नाण्यासारखं,
तर शिसं.
ते आवाज न बदलता सांगायचं,
असं प्रशिक्षणात शिकवलंय.

लोक विचारतात, खर्च किती, कुणाचा?
आमचे वडील नव्वद वर्षं जगले हेच पाणी पिऊन, असंही म्हणतात.
मी वाद घालत नाही.
भिंतीवरच्या वडिलांकडे बघते, सही घेते.

राजधानीतल्या कचेरीत गरिबीला गुण मिळतात.
गेल्या साली आम्ही श्रीमंत निघालो,
घरटी, वर्षाला, चारशे डॉलरनी.
आर्व्हिड नीमी, आमचा अभियंता
(पाण्याचा, बर्फाचा आणि दफनभूमीचाही तोच),
ते पत्र तीनदा वाचून म्हणाला,
अभिनंदन.
पाण्यासारखा पैसा म्हणतात ना,
इथे तो आला तरी येतो
फेब्रुवारीत रात्रभर सोडून ठेवलेल्या नळासारखा :
पेन्सिलीएवढी धार,
गोठू नये इतपत.

बर्नाडेट लकासच्या तळघरात लोणच्याच्या बरण्या होत्या
आणि एक लाकडी खांब.
तीस वर्षं तिनं दुसऱ्यांची मुलं सांभाळली,
ज्यांच्या आया मासळीच्या कारखान्यात दोन पाळ्या करायच्या.
मी खरवडलं. चमकलं.
तिनं खर्च विचारला नाही.
चष्मा लावला, खांबाशी वाकली,
आणि उंचीच्या खुणांवरची नावं वाचू लागली :
डॅरिल. लोरी. पेट्रींचे जुळे. आर्लीन, तीन वर्षांची.
दुधाची भुकटी मी याच पाण्यात कालवायचे, म्हणाली.
मग वेन.
वेन माझा भाऊ.
तो आकड्यांत अडखळतो, पहिल्यापासून.
कशामुळे, ते रकाना सातसारखंच.

फॉर्म विचारतो : घरात सहा वर्षांखालची मुलं किती?
आज. म्हणजे शून्य.
शून्याला गुण नाहीत.
पैसे आले दोनशे बारा घरांपुरते,
तिचा नंबर नऊशेच्या पलीकडे कुठेतरी.

मंगळवारच्या सभेला अकरा माणसं, त्यातली सात नगरसेवक.
हीटर खडखडत होता.
महिना नऊ डॉलर दरवाढ, पाच विरुद्ध दोन, मंजूर.
कुणाला काही बोलायचंय?
बर्नाडेट उठली. कोट काढला नव्हता तिनं.
म्हणाली, पिऊन झालेल्या पाण्यासाठी
एखादा रकाना आहे का?

आर्व्हिडनं कागद उलटले,
पहिल्यापासून शेवटपर्यंत,
नाही हे ठाऊक असून.
अध्यक्षांनी आभार मानले. नोंद झाली.
मीच केली ती, इतिवृत्त माझ्याकडे असतं.
तिचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं
आणि पुढच्या ओळीवर गेले : सभा आठ वाजून दहा मिनिटांनी संपली.

जूनमध्ये खणायला सुरुवात झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला,
जिथे चार महिन्यांचं बाळ आहे.
बर्नाडेट घडीची खुर्ची घेऊन आली,
रस्त्याच्या कडेला सकाळभर बसली.
बाळाच्या आईनं तिला कॉफी आणून दिली,
बाटलीतल्या पाण्याची.
अकराच्या सुमाराला पाइप वर आला,
मऊ, वाकडा, सांध्यापाशी कांद्यासारखी गाठ.
कामगारानं तो हातभर कापून
तिच्यापुढे धरला.
तिनं मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी,
मानेखाली हात घालून,
आणि त्याच्या वजनानं जराशी दचकली.