उणे अकरा

गुरुवारी चार वाजता
पंच मशीनचा डेटा उतरला
की तिजानीसाहेब किटलीत पुदिना टाकायचे.
म्हणायचे, चला, ज्याच्याकडे जे असेल ते काढा.
भिशीसारखंच,
फक्त पैशांऐवजी युक्त्या.

सोहार बंदराबाहेरचा आमचा पोर्टा केबिन,
टाइम ऑफिस म्हणायचं त्याला.
एसीखाली बादली, खिडकीवर पिवळी धूळ,
आणि चौदाशे माणसांची हजेरी.

रोझलिन सांगायची, माउसला हात लावाल तर शंभर बैसा दंड.
कंट्रोल दाबून खालचा बाण:
नऊशे ओळी ती एका दमात उतरायची,
राजापुरात आम्ही शाळा सुटल्यावर
घाटी उतरायचो तशी.
रकाना अरुंद पडला, आकडा जाळीमागे जाऊन बसला,
तर रेघेवर दोनदा टिचकी. येतो बाहेर.

सजीव कुरियनचं एफ-फोर.
सूत्र खाली ओढलं तरी दर जागचा हलू नये
म्हणून डॉलरचं चिन्ह.
पगार रियालात, घर रुपयांत,
कुलूप मात्र डॉलरचं,
असं म्हणून तोच आधी हसायचा.

मी नवा. माझ्याकडे द्यायला एकच:
कंट्रोल आणि अर्धविराम, आजची तारीख.
तिजानीसाहेब म्हणाले, चांगली आहे.
पण ही बसली की बसली, उद्या सरकत नाही.
रोज सरकणारी हवी तर
तिचं सूत्र वेगळं. ते पुढच्या वेळी.

मधे एक गोष्ट सांगायची राहते,
खरं तर टाळत होतो.
मोफिजुल, मचाण बांधणारा, बिल्ला शून्य शून्य चारशे सतरा.
शीटनं पुढची दोन्ही शून्यं गिळली,
चारशे सतरा नावाचं कुणी यादीत नव्हतं,
म्हणून त्याच्या ओव्हरटाइमपुढे चूक यायची.
चूक दिसायला वाईट.
मीच तिच्यावर सूत्र चढवलं होतं:
न सापडल्यास शून्य दाखव.
वर्षभरापूर्वी, मोठ्या ऐटीत,
ह्याच चहावर मी ती युक्ती वाटली होती.

तीन महिने त्यानं शून्यावर सही केली.

बुथैना शिकाऊ, साहमहून यायची, फार बोलायची नाही.
तिनं आकड्याआधी एक टिंबाएवढं अवतरणचिन्ह टाकलं.
कोठ्यात दिसत नाही ते,
पण शून्यं धरून ठेवतं.
चौऱ्याऐंशी रियाल, सहाशे पन्नास बैसा.
मोफिजुल खिडकीशी उभा राहून दोनदा मोजून गेला.
माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, हे बरं झालं
की वाईट, अजून ठरत नाही.
त्या गुरुवारी मी काही काढलं नाही.
कुणी मागितलंही नाही.

ऑगस्टात तिजानीसाहेब गेले.
खार्तूमला नाही, पोर्ट सुदानला, मुलीकडे.
किटली ठेवून गेले, पासवर्ड ठेवून गेले,
आणि हजेरीची ती जुनी फाइल
जी उघडायला एक चहा लागतो.

फाइल जड झाली तर कंट्रोल-एंड मारा,
त्यांचंच वाक्य,
कोण कुठवर भटकून आलंय ते कळतं.
मारलं.
कर्सर थेट तीन हजार दोनशे बाराव्या ओळीत,
जिथे कुणी माणूस नाही, दिवस नाही, पाळी नाही.
एका कोठ्यात एक आकडा, पांढऱ्यावर पांढरा.
रंग दिला तेव्हा दिसला:
उणे अकरा.

आत सूत्र होतं. जायची तारीख, वजा आज.
रोज सरकणारं.
आम्हाला द्यायचं राहून गेलेलं.

सजीव म्हणाला, पुसून टाक, फाइल हलकी होईल.
रोझलिन स्क्रीनकडे बघत राहिली.
बुथैनानं खुर्ची ओढली, फॉरमॅटच्या खिडकीत
शून्य, अर्धविराम, शून्य असं लिहिलं,
आणि वजाची रेघ गेली.
आकडा तोच. अकरा.

काल सत्तावीस होता.
फाइल अजून एक चहा घेते.
पुदिना आता मी आणतो.