बिनफ्रेमचं

सव्वीस वर्षं मी मानपत्रं लिहिली,
रविवार कारंजाजवळ, जिन्याखालच्या दुकानात,
साडेतीनशेला एक, फ्रेमचे वेगळे.
कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, अजातशत्रू –
शब्द डब्यात भरूनच ठेवलेले असायचे
जिरं-मोहरीसारखे;
माणूस कुठलाही असो, फोडणी तीच.

काल पहाटे साडेचारला नळाला पाणी आलं.
बादल्या भरेपर्यंत झोप उडाली
आणि वाटलं, एखादं मानपत्र फुकट लिहावं.
ज्यांना कुणी शाल घालणार नाही, त्यांचं.

उदाहरणार्थ, हकीमुद्दीनभाई.
मेन रोडला त्यांचं दुकान एवढंसं, की
गिऱ्हाईक आत आलं तर त्यांनी बाहेर यायचं.
वडिलांचं घड्याळ घेऊन गेलो होतो.
भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, "बिघाड काहीच नाही.
चावी द्यायची राहिलीय."
मी पाकीट काढेपर्यंत
ते दुसऱ्या घड्याळात शिरले होते.

किंवा इंदूबाई गांगुर्डे, मखमलाबादच्या.
बुधवारी गंगेवर मेथी घेऊन बसतात.
"आतून पिवळी पडलीय, नका नेऊ,"
म्हणत माझ्या हातातली जुडी त्यांनी अशी ओढून घेतली
जशी मी चोरूनच चाललो होतो.
त्या दिवशी घरी मेथी आली नाही,
आणि येताना मी पूलभर शीळ का घालत होतो
ते बायकोला काही केल्या पटवता आलं नाही.

माझे आनंद म्हणाल तर असेच, किरकोळ.
जानेवारीत सिटी बसमध्ये उन्हाच्या बाजूची खिडकी.
मिसळीवर पापड मोडतानाचा आवाज,
आणि न विचारता रस्सा वाढणारा पोऱ्या.
बोरूचं टोक नीट कापलं गेलं
की पहिल्या उभ्या रेघेला येतो तो काळेपणा.
सव्वीस वर्षांत यातलं काहीच
कुणाच्या मानपत्रात बसलं नाही.

पण खरंच लिहायला बसलोय तर पुढचंही लिहितो.

दोन हजार अकरा साली
एका पतसंस्थेच्या चेअरमनला मी 'पारदर्शक' लिहिलं.
सोनेरी शाईत. रफार असा वळवला होता
की माझा मीच बघत राहिलो.
पुढल्या दिवाळीआधी संस्थेला कुलूप लागलं.
आमच्या वरच्या मजल्यावर सुमनताई थेटे राहतात.
त्यांचे एक लाख दहा हजार होते तिथे,
ब्लाउजं शिवून साठवलेले.

दोन महिने मी जिन्यात त्यांची चाहूल लागली
की दार लोटून घ्यायचो.
शेवटी गाठलंच त्यांनी. हातात कढीची वाटी.
म्हणाल्या, "तिथे भिंतीवर लावलं होतं ते तुमचंच ना?
अक्षर फार सुंदर होतं हो."

टोमणा असता तर बरं झालं असतं.
त्यांना ते खरोखर आवडलं होतं.

आता कागद पुढ्यात आहे.
'सुमनताई थेटे' एवढं लिहून झालंय
आणि डब्यातला एकही शब्द बाहेर यायला तयार नाही.
थोर म्हणावं तर त्याच हसतील.
क्षमाशील लिहावं, तर त्यांनी क्षमा केली
असं तरी मला कुणी सांगितलंय?

मग लिहिलं: त्या दिवशी कढी गरम होती.
आणि खाली: वाटी अजून माझ्याकडेच आहे.
दोन्ही खरं आहे. सोनेरी शाई लागली नाही.

वाळलं की वर जाईन,
जिन्यात पाय वाजवत.
वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात.
घरात थोडी द्राक्षं आहेत, पहिल्या तोडीची.
आंबट आहेत,
हे आधी सांगेन.