पावणेपाच सेकंद

दीड तास पंप नळीतली हवा उपसत राहतात,
मग मी बटण दाबते.
कुपी सुटते. एकशे दहा मीटर.
पावणेपाच सेकंद.
तळाशी थर्मोकोलच्या मण्यांच्या हौदात
ती धप्पकन बुडते म्हणे.
मला इथे काहीच ऐकू येत नाही.

आज कुपीत एक ज्योत होती.
पडद्यावर पाहिली:
सुटताक्षणी तिचं टोक विरलं,
ती गोल झाली, निळी,
वर म्हणजे कुठे हेच विसरून गेल्यासारखी.

ब्रेमेनच्या शाळांतली मुलं मनोरा बघायला येतात.
परवा एक त्यार्क म्हणून होता, पुढचे दोन दात पडलेला.
अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतंच ना?
असतं रे बाबा.
चारशे किलोमीटर उंच शिडी लाव,
शेवटच्या पायरीवर उभा राहा,
शंभरातला दहा-अकरा भार कमी होईल, बस्स.
हातातलं सफरचंद सोडलंस तर खालीच येईल.
मग ते लोक तरंगतात कसे?
तरंगत नाहीत. पडतात.
स्थानक पडतं, माणसं पडतात, त्यांचे दाताचे ब्रश पडतात,
सगळं एकाच चालीनं,
म्हणून कुणी कुणावर रेलत नाही.
आणि आडवे इतके सुसाट निघालेले असतात
की ते जेवढे पडतात
तेवढी जमीन खालून वळत गेलेली असते.
त्यार्कनं मान डोलावली.
बाईंना वाईट वाटू नये म्हणून असणार.

मलाही पुस्तकातून पटलं नव्हतं.

माझे वडील, हिनरिख हार्येस,
इथून वर दलदलीच्या मुलखात
बोरूची छपरं शाकारायचे.
एका ऑक्टोबरात, दवानं निसरड्या उतारावरून
ते सुटले, हातातली थापी सुटली.
सांगतात: थापी माझ्या शेजारी होती.
खाली नाही, वर नाही, शेजारी.
बाकावर ओळखीचं कुणी येऊन बसावं तशी.
बोट लावलं तर हळूच सरकली.
अंगावर कोट आहे हेसुद्धा कळेना.
"पडणं हलकं असतं गं.
जड असते ती जमीन."
खुबा मोडला.
थापी शाबूत, अजून न्हाणीघरात खिळ्याला टांगलेली.

याच दोन वाक्यांवर
मी विद्यापीठात सहा वर्षं घालवली,
वर पुष्कळ गणित चढवून:
वजन म्हणजे ओढ नव्हे,
वजन म्हणजे अडवणूक.
पायाखालचं काहीतरी 'बास, इथवरच' म्हणतं
त्याला आपण किलोत मोजतो.

संध्याकाळी सायकल वेझरच्या कडेनं घेते.
समुद्र साठ किलोमीटर लांब,
तरी घाटाच्या तीन पायऱ्या पाण्यात गेलेल्या.
चंद्र दिसत नव्हता, ढग होते.
तोही पडतोच आहे, कधीपासून,
आणि पडता पडता आमची नदी उलटी वाहवतो.
पुलावर एक मुलगा कठड्यावरून थुंकून
मनातल्या मनात सेकंद मोजत होता.
मीही थांबले. दोन, थोडे वर.

घरी बाबांना खुर्चीतून पलंगावर घ्यायचं असतं.
एक, दोन, आणि तीनला.
मधे एक क्षण असा येतो
की ते ना खुर्चीचे ना पलंगाचे,
सगळे माझ्या खांद्यावर.
"जड झालोय?"
"झालायत."
खूश होतात. गेल्या वर्षी सारखे कमीच भरत होते.

उशी नीट करताना
माझ्या बाहीतून थर्मोकोलचा एक मणी निघाला
आणि त्यांच्या गालाला चिकटला.
त्यांनी टिचकी मारली, तर बोटाला चिकटला.
बोट झटकलं. तरी तिथेच.
अख्खी पृथ्वी खालून ओढतेय,
आणि हा पडत नाही.
"याला काय म्हणतात तुमच्यात?"
बोट दिव्यापुढे धरून
बाबांनी विचारलं.