गाळलेली ओळ

रविवारच्या शाळेत लोंढेबाई म्हणाल्या,
देव आपला दुर्ग आहे.
मी लगेच हात वर केला : पन्हाळा का, बाई?
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तसंच समज. फक्त तुझ्या पन्हाळ्याला
वेढा पडू शकतो.

त्यानंतर कित्येक वर्षं
आमच्या गच्चीवरून तो निळसर उंचवटा दिसला
की वाटायचं, देव तिथंच बसलाय,
तटावर, पाय खाली सोडून,
आणि पत्र्यावर वाळत घातलेल्या आमच्या मिरच्यांवर
लक्ष ठेवून आहे.

आईला दुर्गाचं फारसं कौतुक नव्हतं.
ती सीपीआरला आया. रात्रपाळी संपली
की दसरा चौकातून चालत घरी,
रिक्षाचे पैसे पदराच्या गाठीत तसेच.
तिच्या सहा कोंबड्या होत्या.
वर घार फिरायला लागली की त्यांतली लंगडी
पंख पसरून जमिनीला चिकटायची
आणि पिल्लं अशी नाहीशी व्हायची
की मोजायला गेलं तर नुसती पिसं.
"हे बग," आई म्हणायची. "असं."
एवढंच तिनं दिलेलं धर्मशिक्षण.

आणि रात्री एक्याण्णवावं स्तोत्र.
मला गोवर आला तेव्हा उशाशी बसून
एका ओळीवर ती दोनदा थांबली होती,
आवाज चढवून, जणू कुणाला बजावत होती :
बाजूला हजार पडले तरी
माझ्या लेकराकडे यायचं नाही.
मी अंगभर लाल ठिपके घेऊन
त्या ओळीखाली झोपलो. बरा झालो.

मग तो उन्हाळा आला, सिलिंडरचा,
ज्यात पंचगंगेच्या घाटावर
रात्री उजेड असायचा आणि माणसं नसायची.
त्या उन्हाळ्यानंतर आई वाचायची,
फास, भय, अंधारातली मरी, सगळं नीट वाचायची,
आणि एका जागी तिचं बोट
गटार ओलांडावं तसं उडी मारायचं.

मला वाटलं, मोतीबिंदू.
नाताळला मोठ्या अक्षरांची प्रत आणली.
मोठ्या अक्षरांतही ती ओळ तिला दिसेना.

शेवटी विचारलंच. ती तांदूळ निवडत होती.
"वाचवत न्हाई रं.
त्या हजारातली सतरा माझ्या हातावर गेली.
कागलकडचा एक पोरगा होता, गुऱ्हाळावरचा,
तळहाताला गुळाची राप, धुतली तरी जाईना.
त्याची आई गेटवर. आत सोडत नव्हते.
रोज डबा आणायची, तो गेल्यावर बी दोन दिस आणला,
कुणी सांगितलंच न्हवतं तिला.
तिच्याम्होरं कसं म्हणू, माझ्याकडं आलं न्हाई म्हणून?"

मग देव कुठं होता, मी म्हटलं.
जरा चिडूनच म्हटलं.

तिनं एक खडा काढला, उजेडात धरून पाहिला.
"मला काय ठावं.
त्याचे पाय गार पडाय लागले तवा
मी कॉटवर टेकले. तो प्लास्टिकचा झगा
लई मोठा होता मला.
पसरला."

पुढं काही बोलली नाही.
कुकरला शिट्टी आली, ती उठली.

आता तिला खरंच दिसत नाही.
मी वाचतो. खिडकीबाहेर पन्हाळ्यावर
हॉटेलांचे दिवे लागलेले असतात,
देवाला तिथून कधीच उठवलंय मी,
कुठं बसवायचा ते अजून ठरलेलं नाही.
काल वाचता वाचता त्या ओळीपाशी आलो
आणि माझंच बोट अडखळलं.
मला वाटलं, आईला झोप लागलीय.

"वाच," ती म्हणाली.
"पर हळू.
ती बाई असंल गेटवर."