दुसरी वही

सुरुवात एका वहीनं झाली, तेजल घाडीच्या.
रक्ताचा आजार. बेळगावात सिव्हिलला, खाट सात.
आम्ही खानापूरची आठवी ब :
रोजचा धडा उतरवायचा,
साडेचारच्या बसला कंडक्टर ईराप्पांच्या पिशवीत टाकायचा.

मग तिचा निरोप आला :
शेजारचा मल्लू माझी वही उलटी धरून वाचतोय,
त्याला मराठी कुठं येतंय?

भिंतीपलीकडं कन्नड शाळा.
आजवर तिकडं चेंडू जायचा,
परत यायचा नाही.
मी वर चढून ओरडलो, "नोटबुक बेकु!"
एवढंच येत होतं.

आता पिशवीत मावत नाहीत वह्या;
ईराप्पा मागची सीट धरून ठेवतात.

तेजलची परवा परत आली.
शेवटी पेन्सिलीनं गिरवलेला कन्नड अ,
शेपूट चुकलेलं.
पुढची कोरी पानं
कुणी फाडली नाहीत.