कार्पेट एरिया

दुकानात काचेचा एक उंच टँक होता,
दिव्याखाली उभा, नव्या टॉवरसारखा.
म्हटलं, हाच द्या, दिसतो तरी झकास.
नजीर बागवान हसले नाहीत.
हात पुसत म्हणाले,
"साहेब, क्रेफिश हा. पोहायचा कमी, चालायचा जास्त.
चालणाऱ्याला उंची काय करायची?
जमीन द्या त्याला."

हे मला सांगत होते!
आंबेगावात फ्लॅट विकतो मी, अकरा वर्षं.
बिल्टअप, सुपर बिल्टअप,
भिंतींची जाडी, जिन्यातला वाटा,
लिफ्टसमोरची दीड फरशी
तुमच्याच पैशात कशी मोजायची असते,
हे रोज समजावतो लोकांना.
ते मान डोलावतात,
हातातलं टेपचं टोक सोडून देतात,
आणि टेप सर्रकन आत जाते.

बागवानांनी बिलामागे लिहून दिलं:
लांबी अडीच फूट, रुंदी सव्वा,
पाणी पंचाहत्तर लिटर, एका जिवाला.
झाकण पाहिजेच.
"आणि दोन ठेवले तर?"
"तर एक राहील."

तरी मी लहानच घेतला.
धायरीतलं वन बीएचके, ठेवणार कुठे?
फ्रिजवर मावेल असा, सव्वा फुटाचा.
शाल्मलीला म्हणालो, सध्या हा, पुढे बघू.
तोंडात बसलेलंच वाक्य ते,
गिऱ्हाइकांवर घासून गुळगुळीत झालेलं.

ती त्याला कोतवाल म्हणायची.
निळा, साडेचार इंचांचा,
मिशा मात्र अंगाएवढ्या.
चार पावलं, काच.
वळण, मिशी दुमडून.
चार पावलं, काच.
रात्री पाणी प्यायला उठलो की दिसायचा,
गस्त चालू.

पाचव्या दिवशी टँक रिकामा.
पंपाच्या नळीला धरून वर आला होता,
झाकण मी अर्धवट लावलेलं.
फ्रिजवरून पडला, आणि पडूनही
पोचला थेट वॉशिंग मशीनमागे,
अंगाला केस, धुळीचे पुंजके,
केरसुणीसमोर दोन्ही नांग्या उगारून.
वृंदानं ओल्या फडक्यात उचलला.
शाल्मली रडली नाही.
कंपासमधली पट्टी काढून
काचेला लावली, आडवी, उभी,
आणि माझ्याकडे बघितलं.
नऊ वर्षांच्या मुलीनं
असं बघू नये बापाकडे.

मग जागा निघाली.
डायनिंग टेबलासाठी राखलेली भिंत,
लग्नापासून राखलेली.
आम्ही जेवतो खालीच.
वृंदा म्हणाली, बसू दे त्यालाही आपल्या पंगतीला.
लोखंडी स्टँड आला, अडीच फुटी काच आली,
टँकरचं पाणी दोन दिवस बादल्यांत उघडं ठेवलं.
उरलेल्या पीव्हीसी पाइपचा तुकडा,
फुटक्या कुंडीचा काठ,
पंपाच्या नळीपुरती भोकं पाडून घट्ट झाकण.
कोतवाल खाली उतरला
आणि बराच वेळ हललाच नाही.
मग चालत गेला. पाच, सहा,
सात... शाल्मली मोठ्यानं मोजत होती.

सोळाव्या दिवशी आत दोन कोतवाल.
एक उताणा, पोकळ, डोळ्यांच्या जागांसकट.
मी घाबरून फोन लावला, मेला हो!
"कात टाकली त्यानं. दुसरा पाइपात असेल, बघा.
मऊ असतो आता, लोण्यासारखा, हात लावू नका.
आणि टरफल काढू नका, तेच खाईल.
जागा आहे ना लपायला?"
आहे, म्हणालो.
इतक्या खात्रीनं मी
जागेविषयी कधी बोललो नव्हतो.

त्या दुपारी साइटवर एक जोडपं आलं.
तो फोनवर हप्ते मोजत होता.
ती सॅम्पल फ्लॅटच्या मधोमध उभी,
सातवा महिना असावा.
म्हणाली, इथे चालता किती येतं हो?
ब्रोशरमध्ये त्याचा रकाना नव्हता.
सॅम्पलमधला सोफा जरा आखूडच बनवलेला असतो,
खोली मोठी दिसावी म्हणून.
तो मी भिंतीला सरकवला.
चाला, म्हटलं.
ती चालली, पोटाखाली हात धरून,
दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत.
वळली.
मी वहीत लिहिलं: नऊ.